कुलाबा ते आवास: छोट्या शिडाच्या होड्यांतून दोन दिवसांची मुक्कामी सफर, आणि तारखेचा प्रश्न

खाडीकाठ (दादर) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या नौकानयन क्लबने यंदा पौष पौर्णिमेच्या शनिवारी कुलाब्याहून निघून, हार्बर ओलांडून, मांडव्याच्या दक्षिणेला आवासच्या किनाऱ्यावर तंबूंत मुक्काम करायचा आणि रविवारी परत यायचे असा बेत आखला आहे. सोळा फुटी, दोन शिडांच्या चार होड्या, प्रत्येकीत तिघे, आणि सोबतीला इंजिनाची एक सुरक्षा बोट अशी रचना आहे. बारा जणांपैकी निम्म्या लोकांनी याच हंगामात प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला असून मीही त्यांतलीच आहे. टॅक आणि जाईब (वाऱ्याकडे तोंड किंवा पाठ करून होडी वळवणे) आम्हाला नीट जमतात, होडी उलटली तर ती सरळ करण्याचा सराव झालेला आहे. परंतु सामान लादून दुसऱ्या किनाऱ्यावर जाणे, तिथे रात्र काढणे आणि दुसऱ्या दिवशी वेळेत परतणे हा अनुभव आमच्यापैकी बहुतेकांना नाही. लाँचने मांडव्याला जाताना जो पट्टा तासाभरात सरतो, तो वाऱ्यावर किती वेळ घेईल याचा अंदाज बांधणेही मला अवघड जात आहे.

नियोजनाचे काम माझ्याकडे आल्यामुळे तीन गोष्टींवर जाणकारांचे मत हवे आहे. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट तारखेची. पौर्णिमा निवडली ती चांदण्यासाठी, आणि तरुण मंडळींचा तिच्यावर फार जीव आहे. क्लबमधील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे, की उधाणाच्या दिवसांत नवख्यांना हार्बरच्या तोंडाशी नेऊ नये. त्याऐवजी अष्टमीचा शनिवार घ्यावा, कारण भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या, दिवसांत पाणी शांत असते. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम आहेत. दुसरी गोष्ट सामानाची: तंबू, पाणी, शिधा आणि अंथरूण-पांघरूण एवढ्या लहान होडीत कसे ठेवावे, की होडी चालवताना अडचण होणार नाही आणि रात्री झोपायला कोरडे काही उरेल? तिसरी गोष्ट, रविवारी सकाळी परतण्यापूर्वी खांदेरी बेटाला वळसा घालून येणे शक्य आहे का?

उत्तरवारा (कुलाबा)

प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून उत्तरही तपशिलाने देतो. अशा सफरीची तारीख शनिवार पाहून ठरवू नये. रविवारची सकाळ पाहून ठरवावी. जाताना सगळे ताजेतवाने असतात आणि हाताशी दिवसभराचा उजेड असतो. परतताना मात्र अंग आंबलेले असते, सामान ओले आणि जड झालेले असते, आणि सोमवारची कचेरी डोळ्यांसमोर दिसत असते. घाईचे निर्णय घेतले जातात ते याच वेळी. तेव्हा रविवारी सकाळी होड्यांखाली पाणी केव्हा येईल, ते कोणत्या दिशेला वाहत असेल आणि त्या वेळी वारा कुठला असेल, ही तीन उत्तरे ज्या दिवशी एकमेकांशी जुळतात तो दिवस आपला.

मुंबईत दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ तिथीवरून ताडता येते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीचा तास मिळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, त्यामुळे अंतिम वेळा छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्याव्यात. पण बेत आखण्यापुरती ही पाऊणकी उत्तम आहे. भरतीचा प्रवाह हार्बरच्या आत, साधारण उत्तर-ईशान्येकडे जातो आणि ओहोटीचा बाहेर, दक्षिण-नैर्ऋत्येकडे. म्हणजे जाताना आपल्याला ओहोटी हवी आणि येताना भरती.

आता तुमची पौर्णिमा पाहू. दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. शनिवारी दुपारी निघालात तर ओहोटी तुम्हाला बाहेर नेईल, वायव्येचा खारा वारा मागच्या बाजूने मिळेल आणि जाण्याची बाजू फार सुखाची होईल. पौर्णिमेच्या बाजूने बोलणारे बहुधा एवढाच हिशेब करतात. पुढे असे होते, की तुम्ही तीनच्या सुमारास पोचता तेव्हा पाणी उतरत असते आणि सहापर्यंत ते उतरतच राहते. आवासचा किनारा सपाट आहे. उधाणात चार मीटरहून अधिक पाणी उतरले, की समुद्र दीडदोनशे मीटर मागे सरतो आणि होड्या ओल्या वाळूत बसून राहतात. त्या सुरक्षित जागी आणायच्या तर मध्यरात्रीच्या भरतीला सगळ्यांनी उठून त्या वर ओढायला हव्यात. तसे केले, तर सकाळी सातला त्या पाण्यापासून तितक्याच दूर असतात आणि पुन्हा तरंगायला दहा-अकरा वाजतात. तोवर पहाटेचा मतलई वारा पडलेला असतो, भरती संपत आलेली असते, आणि हार्बरच्या मध्यावर ओहोटी तुमच्या नाकासमोर उभी राहते.

अष्टमीचा आग्रह धरणाऱ्या ज्येष्ठांचे म्हणणे चुकीचे मुळीच नाही. भांगात पाण्याची चढउतार निम्म्याहून कमी होते आणि प्रवाहाचा जोर ओसरतो. होड्या सांभाळायला तो दिवस सर्वांत सोपा. परंतु अष्टमीला भरती सकाळी सहाला पूर्ण होते, म्हणजे रविवारी सकाळभर तुम्हाला ओहोटीविरुद्ध जावे लागेल. प्रवाह मंद असला तरी सकाळचा मतलई वाराही मंदच असतो, आणि तीन नॉटने (ताशी तीन सागरी मैल) जाणाऱ्या होडीच्या वेगातून एक नॉट वजा झाला तर अडीच तासांच्या वाटेचे जवळजवळ चार तास होतात. दुपारच्या भरतीची वाट पाहिलीत, तर वायव्येच्या वाऱ्याच्या तोंडावर आडवेतिडवे टॅक घेत यावे लागेल, आणि हिवाळ्यात सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो हे लक्षात ठेवावे लागेल.

माझे मत असे, की शनिवारी शुक्ल द्वादशी किंवा त्रयोदशी असेल असा आठवडा निवडावा. द्वादशी धरली तर शनिवारी सकाळी नऊला पूर्ण भरती येते. साडेआठच्या सुमारास, पाणी स्थिरावत असताना, उरलेल्या मतलई वाऱ्यावर निघावे आणि जहाजांचा मार्ग दहापूर्वी ओलांडावा. पुढे वारा पडला तरी ओहोटी तुम्हाला किनाऱ्याकडेने दक्षिणेला नेत राहते. रात्रीची भरती नऊ ते साडेनऊला पूर्ण होते. मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण पाणी कुठवर चढते ते झोपण्यापूर्वी प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते आणि होड्याही त्याच पाण्यावर तरंगवत वर आणता येतात. रविवारी त्रयोदशीला पहाटे साडेतीनच्या सुमारास ओहोटी पूर्ण होऊन पाणी पुन्हा चढू लागते. सातला ते निम्म्याहून जास्त आलेले असते आणि पुढचे तीन तास भरतीचा प्रवाह घराकडे वाहतो. तरुण मंडळींनाही नाराज व्हायचे कारण नाही: द्वादशीचा चंद्र संध्याकाळीच डोक्याकडे चढलेला असतो आणि पहाटे मावळेपर्यंत भरपूर चांदणे देतो.

पंचांगाचा हिशेब मांडला तर पौष पौर्णिमा शनिवारी असताना त्यानंतर चार आठवड्यांच्या शनिवारी त्रयोदशी-चतुर्दशीचा सांधा येतो आणि आठ आठवड्यांच्या शनिवारी द्वादशी. बेत तेवढा पुढे ढकलावा.

एक इशारा या सगळ्याहून वेगळा आहे. हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते. उधाणाच्या दिवसांत हा फरक पाऊण-एक मीटरपर्यंत जातो. पावसाळ्यात याच्या उलट असते आणि आपल्या मनावर पावसाळ्यातील दुपारच्या उधाणाचेच चित्र ठसलेले असते. त्यामुळे दुपारी वाळूवर काडीकचऱ्याची रेघ पाहून तिच्या हातभर वर तंबू लावले, तर रात्री पाणी अंथरुणात येते. कोरड्या, भुसभुशीत वाळूच्याही मागे, जिथे वेली उगवलेल्या दिसतात तिथेच तंबू लावावेत.

मोरा-उरण

वरील हिशेब बरोबर आहे. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी चालत आली आहे आणि घरातील वडीलधारे आजही पाऊणकीनेच वेळ सांगतात. माझी भर वाऱ्याबद्दल आणि जाळ्यांबद्दल आहे.

मतलई वारा जमिनीकडून येतो आणि पहाटे सर्वांत चांगला असतो. सूर्य वर आला, की तो ढिला पडत जातो. मग तास-दीड तास पाणी तेलासारखे निपचित होते आणि त्यानंतर पश्चिमेकडे पाण्यावर काळसर रेघ दिसू लागते. तो खारा वारा. नवख्या माणसांना या मधल्या निपचित वेळेचा कंटाळा येतो आणि ती वल्ही मारून दमतात. त्या वेळी शांत बसावे, पाणी प्यावे, शिडाच्या दोऱ्या मोकळ्या करून नीट लावून घ्याव्यात. काळी रेघ जवळ येताना दिसली, की सगळे सामान बांधलेले आहे ना ते पाहावे, कारण फेब्रुवारीअखेर तो वारा एकदम भरतो आणि दुपारी तीनला सकाळच्या दुप्पट-तिप्पट असतो. रीफ घ्यायचा, म्हणजे शीड आखडून लहान करायचे असेल तर तो वारा भरण्यापूर्वी घ्यावा. आठ आठवडे पुढे गेलात, तर पहाटेचा मतलई डिसेंबर-जानेवारीएवढा भरवशाचा राहत नाही, हेही हिशेबात धरा. सुरक्षा बोटीत चारही होड्या एकामागे एक ओढून आणता येतील इतका लांब आणि मजबूत दोर असायला हवा.

दुसरी गोष्ट डोल जाळ्यांची. हार्बरच्या तोंडापासून उरण-करंजा, रेवस आणि पुढे दक्षिणेपर्यंत डोल लावलेली असते. ही जाळी पिशवीसारखी असून खुंटांना बांधलेली असतात, आणि तिच्या तोंडात प्रवाह मासळी आणून घालतो. पाण्यावर फक्त बोये दिसतात. उधाणात प्रवाहाला जोर आला, की हे बोये पाण्याखाली ओढले जातात आणि ज्या जागी काही नाही असे वाटते तिथेच जाळे असते. जाळ्याच्या वरच्या अंगाने, म्हणजे प्रवाह जिकडून येतो त्या बाजूने जात असाल, तर भरपूर अंतर ठेवा. वारा पडला तर पाणी तुमची होडी थेट दोरावर आणून ठेवते. होडी अडकलीच तर आधी शिडे मोकळी सोडा, सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात उतरणारी फळी) आणि सुकाणू वर उचला आणि हाताने दोर खाली दाबून होडी सरकवून घ्या. दोर कापू नका. एका डोलीमागे एका कुटुंबाची बरीच रक्कम गुंतलेली असते, आणि खुंटापासून सुटलेले जाळे सापडत नाही. जवळ मासेमारीची होडी असेल तर हात करून तिच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, बोलवा. तो येऊन सोडवील. नम्रपणे बोललात तर पुढचा मोकळा मार्गही दाखवील.

सुरूबन (ठाणे)

सामानाबद्दल लिहिते. आमच्या गटात मुक्कामाच्या तयारीचे काम माझ्याकडे असते, त्यामुळे जे नेमाने करते तेच सांगते.

होडीत सामान ठेवताना होडी उलटणार असे धरूनच ठेवावे. उलटली नाही तर उत्तमच. परंतु उलटली, तर न बांधलेली प्रत्येक वस्तू प्रवाहाबरोबर निघून जाते आणि सैल बांधलेली वस्तू होडी सरळ करताना एका बाजूला घसरून तिला पुन्हा पालथी घालते. म्हणून एक मोठी बॅग आणण्याऐवजी प्रत्येकाने दोन-तीन लहान जलरोधक पिशव्या आणाव्यात. तोंडाची घडी तीन वेळा घट्ट वळून, हवा काढून, मग बकल लावावे. हवा राहिली की पिशवी फुगते, जागा खाते आणि शिवण उसवते. अंथरूण-पांघरूण आणि रात्रीचे कपडे पिशवीच्या आत आणखी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावेत. तंबू आणि पाण्याचे कॅन ही जड वस्तू डोलकाठीच्या पायाशी, होडीच्या मध्यरेषेवर, जितक्या खाली ठेवता येईल तितक्या खाली ठेवावी आणि डोलकाठीला किंवा सेंटरबोर्डच्या पेटीला बांधावी. टोकाकडे जड सामान ठेवले, तर होडी लाटेवर उचलली जात नाही, नाळ (पुढचे टोक) पाण्यात घुसवते.

पाणी प्रत्येकी किमान चार लिटर आणि एक कॅन राखीव असा माझा हिशेब आहे. वीस लिटरचा एकच कॅन न्यायचा नाही, पाच-पाच लिटरचे न्यायचे: उचलायला सोपे, आणि एक फुटला तरी सगळे पाणी जात नाही. होडीच्या दोन्ही अंगांना हवाबंद कप्पे असतात, त्यांत सामान कोंबण्याचा मोह होतो. झाकण नीट बसले नाही, तर होडीला तरंगत ठेवणारी हवाच निघून जाते. त्या कप्प्यांत काही ठेवू नये.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, बकल लावलेले, निघाल्यापासून उतरेपर्यंत. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीच्या वाटेवर प्रवासी बोटीला झालेल्या भीषण अपघातानंतर लाँचवर लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. आपल्याला कोणी सक्ती करण्याची वाट पाहायची नाही. डिंगीमध्ये, म्हणजे अशा छोट्या होडीत, आपण सहसा पन्नास न्यूटन तरंगशक्तीचे बॉयन्सी एड (हलके तरंगते जॅकेट) घालतो. ते हालचालीला मोकळे असते, पण बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्यावर धरून ठेवत नाही. त्यामुळे सुरक्षा बोटीत दीडशे न्यूटनची दोन-तीन पूर्ण लाइफ जॅकेटे असावीत, आणि ज्यांना पोहण्याचा आत्मविश्वास कमी आहे त्यांनी तीच घालावीत.

सफरीच्या आधीच्या रविवारी, क्लबसमोरच्या शांत पाण्यात, संपूर्ण सामान बांधून एक होडी मुद्दाम उलटी करावी आणि सरळ करावी. लादलेली होडी सरळ व्हायला वेळ लागतो, आणि सरळ झाल्यावर तिच्यातले पाणी उपसायला मोठ्या बादल्या लागतात. पिशवीत पाणी कुठून शिरते तेही याच दिवशी कळते.

किनाऱ्यावर साध्या खुंट्या टिकत नाहीत. रिकाम्या कापडी पिशव्यांत वाळू भरून त्या हातभर खोल पुराव्यात आणि तंबूचे दोर त्यांना बांधावेत. दुपारच्या वाऱ्यात हेच उपयोगी पडते. सुरूच्या बनात शेकोटी करू नये. खाली पडलेली सुरूची वाळकी पाने वाऱ्यावर कशी पेटत जातात ते ज्यांनी पाहिले आहे ते असा विचारही करत नाहीत. गॅसची छोटी शेगडी न्या, तिच्याभोवती वाऱ्याचा आडोसा करा. पिठले-भात, कांदा आणि सकाळी चहा-पोहे एवढ्यात बारा माणसांचे पोट भरते. बन किंवा वाडी कोणाची तरी असते. आठवडाभर आधी जाऊन मालकाची आणि ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी, विहिरीच्या पाण्याचीही चौकशी करावी. कचरा सगळा परत मुंबईला आणायचा.

खाडीकाठ (दादर)

तिघांचेही मनापासून आभार. भरतीचा हिशेब मी काल क्लबच्या बैठकीत फळ्यावर मांडला. अष्टमीचा आग्रह असलेल्या ज्येष्ठ सदस्यांनी स्वतःच तक्ता काढून वेळा ताडून पाहिल्या आणि आठ आठवड्यांनंतरचा, द्वादशीचा शनिवार मान्य केला. त्यांची अट एवढीच, की शुक्रवारी संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज पंधरा नॉटच्या वर असेल तर सफर रद्द करायची आणि त्यावर चर्चा करायची नाही. ती अट सर्वांनी स्वीकारली आहे.

दोन शंका राहिल्या आहेत. जहाजांचा मार्ग ओलांडताना चार होड्यांनी नेमके कसे वागावे? आणि खांदेरीबद्दल आपण कोणीच काही लिहिले नाही.

उत्तरवारा (कुलाबा)

ती अट लेखी करून ठेवा, म्हणजे शनिवारी सकाळी मोह होणार नाही.

जहाजमार्गाबद्दल. गेटवेहून मांडवा सरळ रेषेत सुमारे आठ सागरी मैल आहे आणि मुंबई व जवाहरलाल नेहरू बंदरांत येणारी-जाणारी मोठी जहाजे या वाटेला आडवी जातात. शिडाच्या होडीला यांत्रिक जहाजाने वाट द्यावी हा नियम आपण अभ्यासक्रमात शिकतो, पण तो इथे लागू होत नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांतील नववा नियम असे सांगतो, की जे जहाज केवळ त्या अरुंद मार्गातूनच सुरक्षितपणे जाऊ शकते, त्याला शिडाच्या होडीने किंवा वीस मीटरपेक्षा लहान कोणत्याही बोटीने अडथळा करू नये. कंटेनर जहाज त्या मार्गातून वळू शकत नाही आणि थांबायला त्याला फार लांब अंतर लागते. त्याच्या नाळेसमोरचे पाणी तर सुकाणूघरातून बऱ्याच अंतरापर्यंत दिसतच नाही. आपण त्याला दिसत आहोत असे कधीही गृहीत धरू नये.

मार्गाच्या अलीकडे चारही होड्यांनी वाऱ्याला तोंड करून एकत्र यावे, दोन्ही बाजूंना पाहावे, आणि सुरक्षा बोटीकडून खूण मिळाल्यावर सर्वांनी मिळून, शक्य तितक्या काटकोनात, एका दमात मार्ग ओलांडावा. जहाज दूर दिसत असेल तर होकायंत्रातून किंवा होडीच्या तारेच्या रेषेत त्याची दिशा धरावी. दोन-तीन मिनिटांनी ती दिशा बदलली नाही आणि जहाज मोठे होत गेले, तर टक्कर अटळ आहे असे समजून लगेच परत फिरावे. जहाज संथ वाटते हा डोळ्यांचा भ्रम आहे. दहा-बारा नॉटने येणारे जहाज एक मैल पाच-सहा मिनिटांत कापते. एखादी होडी मध्येच वाऱ्याविना थांबली, तर सुरक्षा बोटीने आधी तिला ओढून बाहेर काढावे, बाकीच्यांनी तिच्यासाठी मार्गात रेंगाळू नये. कुलाब्याहून निघताना नौदलाच्या जहाजांपासून दूर राहा, आणि मिडल ग्राउंड, ऑयस्टर रॉक किंवा जवाहर द्वीप यांच्याजवळ कोणत्याही कारणाने जाऊ नका. ती प्रतिबंधित ठिकाणे आहेत.

सुरक्षा बोटीवर क्लबच्या परवान्यावरील व्हीएचएफ रेडिओ संच चालू ठेवून सोळावा, म्हणजे संकटाच्या हाकेचा, चॅनल ऐकत राहावे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा आणि फोन जलरोधक पाकिटात असावा. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रमार्गे आले, तेव्हापासून या किनाऱ्यावर अनोळखी होडी उतरली की गावकरी पोलिसांना कळवतात, आणि ते योग्यच करतात. निघण्यापूर्वी सर्वांची नावे, होड्यांची वर्णने, मुक्कामाची जागा आणि परतीची वेळ मांडवा सागरी पोलीस ठाण्याला लेखी कळवा, ओळखपत्रे जवळ ठेवा. परत पोचल्यावर तेही कळवा, नाहीतर रात्री कोणीतरी तुमचा शोध घेत बसेल.

काही कारणाने अंधार पडलाच, तर सात मीटरहून लहान शिडाच्या होडीला नौकादिवे लावणे शक्य नसल्यास निदान एक प्रखर पांढरा टॉर्च हाताशी ठेवून तो वेळेत दाखवावा लागतो. तो टॉर्च शिडावर धरावा. उजळलेले शीड दुरून दिसते.

खांदेरीबद्दल मात्र माझे उत्तर या खेपेला नको असेच आहे. ते बेट आवासहून नैर्ऋत्येला, म्हणजे घराच्या उलट दिशेला आहे, आणि भोवतालच्या थळच्या बाजूला खडकाळ उथळ पाणी आहे. रविवारी सकाळी तुम्हाला मिळणारी भरती उत्तरेला वाहते. तिच्याविरुद्ध खांदेरीकडे गेलात तर परतीचा सगळा हिशेब मोडतो. तिथे उतरण्याची परवानगी वेगळी आणि धक्क्याला छोटी होडी लावण्याचे कौशल्यही वेगळे. तरीही तुमची ओढ मी समजू शकतो. १६७९ साली शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी मोठी जहाजे आणून रसद तोडायचा प्रयत्न केला. मायनाक भंडारी आणि दौलतखान या महाराजांच्या आरमारी सरदारांच्या उथळ बुडाच्या लहान होड्या मात्र वारा पडलेल्या रात्री, जिथे ती जहाजे हलूही शकत नव्हती तिथून, वल्ह्यांवर सामान नेत राहिल्या. या पाण्यात लहान होडी घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाने तो प्रसंग वाचावा. आता जागतिक वारशाच्या यादीतही २०२५ पासून खांदेरीचे नाव आहे. तिच्यासाठी थळहून स्थानिक होडीने स्वतंत्र दिवस काढून जावे.

मोरा-उरण

खांदेरीबाबत पूर्ण सहमत. आमची मंडळी तिथल्या वेताळाच्या दर्शनाला जातात तेव्हाही पाण्याची वेळ पाहूनच निघतात.

एक बारीक गोष्ट राहिली होती. शनिवारी तुम्ही दुपारी बारा-एकला आवासला लागाल तेव्हा ओहोटी अर्धी झालेली असेल. त्या वेळी सामान उतरवून होड्या हलक्या करा, पण त्या वर ओढत बसू नका. प्रत्येकीचा नांगर किनाऱ्याकडे, दोर पुरेल तितका वर नेऊन वाळूत पुरा आणि होडी आहे तिथेच बसू द्या. संध्याकाळी साडेपाचनंतर पाणी होड्यांपर्यंत परत येऊ लागले, की प्रत्येक होडीपाशी एकाने थांबावे आणि पाणी चढेल तसा दोर आखडत, तरंगती होडी थोडीथोडी वर आणावी. चढणाऱ्या पाण्याचा वेग सारखा नसतो: सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढेच पाणी येते, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पुढे पुन्हा दोन आणि एक. म्हणजे ओहोटी सव्वातीनच्या सुमारास पूर्ण झाली, की साडेपाच ते साडेसात या दोन तासांत पाणी सर्वांत झपाट्याने येईल आणि नेमकी तीच जेवणाची वेळ आहे. जेवण पाचला उरका किंवा साडेनऊनंतर बसा. पाणी थांबले की त्या रेघेवर एक काठी रोवा. होड्या रेघेच्या दोन हात खालीच ठेवा, वर नको. वर ठेवल्यात, तर रविवारी सकाळी सातला बारा माणसांना चार होड्या उचलून पाण्यापर्यंत न्याव्या लागतील.